विरघळणाऱ्या कापसाची छाया : शस्त्रक्रियेनंतरच्या वैद्यकीय प्रतिमांचे वाचन

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या पोटात कापडाचा तुकडा चुकून राहिला, अशी बातमी आपण वृत्तपत्रांत अधूनमधून वाचतो आणि हळहळतो. परंतु शल्यचिकित्सक काही वस्तू पूर्ण विचारान्ती, रुग्णाच्या हितासाठीच शरीरात ठेवून जखम शिवतात, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. झिरपणारे रक्त थांबविण्यासाठी ठेवलेले हे पदार्थ काही दिवसांत वा काही आठवड्यांत शरीरातच विरघळून जातात. त्यांना आपण रक्तस्तंभक पदार्थ म्हणू. अडचण उद्भवते ती मधल्या काळात. हा पदार्थ पुरता विरघळण्यापूर्वी रुग्णाची सोनोग्राफी, सीटी स्कॅन वा एमआरआय काढण्याची वेळ आली, तर पडद्यावर उमटणारी त्याची छाया कधी पुवाच्या गळूसारखी, तर कधी पुन्हा उद्भवलेल्या कर्करोगाच्या गाठीसारखी भासते. छायेचा अर्थ चुकीचा लागला, तर रुग्णाचे पोट विनाकारण दुसऱ्यांदा उघडले जाण्याचा संभव असतो. उलट बाजूने चूक झाली, तर खरेखुरे गळू दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या छायेचा आणि तिच्या वाचनाचा विचार करावयाचा आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक, वैद्यकशास्त्राचे नव्हे. मग स्मरणिकेसाठी हा विषय का निवडला, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, क्ष-किरण चित्र वा सीटी स्कॅन हेदेखील एक साधनच आहे. शिलालेख, नाणे किंवा दप्तरातील कागद जसे साधन असते, त्याच अर्थाने. त्याचा काळ कोणता, ते कोठून आले, त्याला पूरक पुरावा कोणता, हे प्रश्न विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. शिवाय आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक जण आज परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते म्हणून रुग्णालयांत काम करीत आहेत. आणि घरातील आजारी माणसाचे कागद पिशवीत घालून रुग्णालयाची पायरी चढणारे तर आपण सर्वच आहोत.

प्रथम रक्ताचा प्रश्न समजून घेऊ. मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तर ती चिमट्यात धरता येते, दोऱ्याने बांधता येते. परंतु यकृत, प्लीहा, मेंदू, हाडाचा मगज या ठिकाणी बांधावे असे एखादे तोंडच नसते. ओल्या भिंतीतून पाणी पाझरावे तसे रक्त सर्व बाजूंनी झिरपत राहते. तेथे दोरा निरुपयोगी ठरतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक व्हिक्टर हॉर्स्ले यांनी १८९२ च्या सुमारास कवटीच्या हाडातून येणारे रक्त थांबविण्यासाठी मेण वापरात आणले. ते आजही वापरले जाते. मात्र ते शरीरात विरघळत नाही. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९११ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेतील रक्तस्राव रोखण्याच्या उपायांविषयी लेख प्रसिद्ध केला आणि बारीक रक्तवाहिन्यांसाठी चांदीच्या चिमुकल्या क्लिपा सुचविल्या. कापसाचा बोळा दाबून धरणे हा उपाय तर सर्वांत जुना आणि सर्वांत स्वाभाविक. त्यातील खोच एवढीच की, रक्त गोठताना ते कापसाच्या तंतूंना घट्ट धरते आणि बोळा काढला की गुठळीही त्याच्याबरोबर निघते. रक्त पुन्हा सुरू. काढावाच लागणार नाही असा कापूस असता तर, ही शल्यचिकित्सकांची जुनी इच्छा होती.

साधा कापूस आत ठेवून का चालत नाही? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. गाय-बैलांच्या पोटातील सूक्ष्म जीव ते फोडू शकतात. मानवी शरीराच्या ऊतींजवळ मात्र सेल्युलोज विघटित करणारे विकरच नाही. म्हणून आत राहिलेला कापूस वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि शरीर त्याच्याभोवती भिंत बांधत बसते. हा अडसर दूर झाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. छायाचित्रणाच्या फिल्म बनविणाऱ्या ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत याकेल आणि केन्यन हे रसायनशास्त्रज्ञ सेल्युलोजवर संशोधन करीत होते, कारण फिल्मचा पायाच मुळी सेल्युलोजपासून तयार होत असे. नायट्रोजन डायऑक्साइड या वायूने सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण केले असता, त्याच्या रेणूतील काही गट आम्लधर्मी होतात, धाग्याचे रूप कायम राहते, परंतु सौम्य अल्कलीत तो धागा विरघळू लागतो, असे त्यांनी १९४२ साली दाखविले. शरीरातील द्रव किंचित अल्कधर्मीच असतात. कापसासारखा दिसणारा, कापसासारखा रक्त टिपणारा आणि तरीही शरीरात विरघळणारा पदार्थ हाती आला तो असा. ज्या कंपनीच्या फिल्मवर क्ष-किरण चित्रे उमटत, तिच्याच प्रयोगशाळेतून पुढे क्ष-किरणतज्ज्ञांना चकविणारा हा पदार्थ निघावा, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

हा पदार्थ शल्यचिकित्सेत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. व्हर्जिनिया नीलँड फ्रान्ट्झ यांचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १९२२ साली पदवीधर झाल्या आणि तेथेच शल्य-विकृतिशास्त्राच्या अध्यापनात व संशोधनात त्यांनी आयुष्य वेचले. या वैद्यकीय महाविद्यालयाचे दार १९१७ पर्यंत स्त्रियांना बंद होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल अधिक कळते. ऑक्सिडीकृत कापूस, कागद आणि जाळीदार कापड प्राण्यांच्या ऊतींत ठेवून, ते केव्हा व कसे नाहीसे होतात हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९४३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधीलच मेंदूशल्यविशारद ट्रेसी पटनम यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेतील त्याच्या उपयोगाविषयी लिहिले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ; रक्तस्राव थांबविणाऱ्या प्रत्येक साधनाची निकड होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, ज्याने १९५२ साली त्यांना सन्मानदर्शक पदवी दिली, तेच हे कोलंबिया. आपल्या वाचकांना त्या विद्यापीठाचे नाव बाबासाहेबांमुळे तोंडपाठ असते. त्याच विद्यापीठात एका स्त्री संशोधकाने केलेले हे कामही ठाऊक असावे, म्हणून येथे एवढा विस्तार केला.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९४५ मध्ये जिलेटिनच्या स्पंजाचा वापर सुरू झाला. आपल्याकडील शस्त्रक्रियागृहांत जेलफोम किंवा अ‍ॅबजेल या नावांनी तो परिचित आहे, आणि दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर दंतवैद्य खड्ड्यात जो पांढरा मऊ तुकडा बसवितात तो बहुधा हाच. १९६० च्या सुमारास कापसाऐवजी पुनर्जनित सेल्युलोज, म्हणजे रेयॉनच्या धाग्याचे विणलेले कापड, ऑक्सिडीकृत करून वापरले जाऊ लागले. त्याचे सर्जिसेल हे नाव इतके रूढ झाले की, पुष्कळ डॉक्टर पदार्थाचा उल्लेख याच नावाने करतात. त्यानंतर कोलॅजेनचे तंतू आले, फायब्रिनचे चिकटद्रव्य आले. उत्पादकांच्या माहितीनुसार सर्जिसेल थोडे वापरल्यास साधारणतः एक ते दोन आठवड्यांत, जिलेटिनचा स्पंज चार ते सहा आठवड्यांत विरघळतो; कोलॅजेनला त्याहून अधिक काळ लागतो. प्रत्यक्षात हा काळ पदार्थ किती ठेवला, कोठे ठेवला, तेथे रक्तपुरवठा कसा आहे, यांवर अवलंबून असतो. म्हणूनच महिन्यांनंतर, क्वचित वर्षांनंतरही त्याचे अवशेष आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पुढील गोंधळाचे एक मोठे कारण हेच आहे. पाकिटावरील कालावधी संपला, म्हणजे पदार्थ संपला असे समजून चालत नाही.

आता चुकून राहिलेला कापडाचा तुकडा आणि मुद्दाम ठेवलेला रक्तस्तंभक, यांतील भेद पाहू. शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी जे जाळीदार कापड वापरतात, ज्याला शस्त्रक्रियागृहात मॉप म्हणतात, त्यात क्ष-किरणांना अडविणारा एक धागा वा पट्टी विणलेली असते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि जखम बंद करण्यापूर्वी परिचारिका या मॉपची मोजदाद करतात. हिशेब जुळला नाही, तर साध्या एक्स-रेमध्ये तो धागा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. आत राहिलेल्या कापडाभोवती जी गाठ बनते, तिला वैद्यकात गॉसिपिबोमा असे नाव आहे. यातील गॉसिपियम हे कापसाच्या झाडाचे शास्त्रीय नाव. आमच्या वऱ्हाडातील वाचकांना हे झाड वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पण शेतातील तो शुभ्र बोंडांचा कापूस असे भीतिदायक नाव धारण करून वैद्यकाच्या कोशात बसला आहे, हे त्यांनाही नवलाचे वाटेल. विरघळणाऱ्या रक्तस्तंभकात मात्र असा खुणेचा धागा नसतो, आणि असूही शकत नाही; धागा विरघळणार नाही. परिणामी साध्या एक्स-रेला तो जवळजवळ अदृश्य असतो. तो दिसू लागला तो सीटी स्कॅन आल्यावर.

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. त्यानंतर पाऊणशे वर्षे डॉक्टरांना शरीराची एकावर एक पडलेली सावली पाहूनच काम भागवावे लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. भाकरीचा एकेक पापुद्रा उलगडून पाहावा, तसे शरीराचे थर आता पाहता येऊ लागले. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. या चित्रातील प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो, त्याला हाउन्सफील्ड अंक म्हणतात. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे शंभराच्या आसपास, ताज्या रक्ताच्या गुठळीचा सुमारे ५० ते ७०, तर टणक हाडाचा हजारापर्यंत वा त्याहून अधिक. अंक जितका कमी तितका ठिपका काळा. सीटी स्कॅनला पदार्थाचे नाव कळत नाही. त्याला कळते ती केवळ घनता. पुढील सारे घोटाळे या एका वाक्यात साठलेले आहेत, म्हणून विद्यार्थ्यांनी ते नीट ध्यानात घ्यावे.

समजा, एका रुग्णाच्या यकृताचा काही भाग काढला आहे. कापलेल्या पृष्ठभागावर रक्त झिरपत होते, म्हणून शल्यचिकित्सकाने ऑक्सिडीकृत सेल्युलोजच्या पट्ट्या घडी घालून तेथे दाबून ठेवल्या. रक्ताच्या स्पर्शाने ते कापड फुगते, काळपट होते, लिबलिबीत होते. आणि त्याच्या घड्यांत, धाग्याधाग्यांत हवा अडकून राहते. दहाव्या दिवशी रुग्णास ताप आला. सीटी स्कॅन काढला, तर यकृतालगत एक गोळा, आणि त्याच्या पोटात काळ्या बुडबुड्यांचा पुंजका. शस्त्रक्रियेच्या जागी बुडबुडे असलेला गोळा आणि जोडीला ताप, हे तर गळूचे पाठ्यपुस्तकातील वर्णन. कारण काही जंतू वायू निर्माण करतात आणि तो पुवात साठतो. क्ष-किरणतज्ज्ञाला कोणी काही सांगितले नसेल, तर त्याने अहवालात गळूची शंका लिहावी, यात त्याचा काय दोष?

तरीही अनुभवी डोळा काही फरक टिपतो. गळूतील पू हा द्रव असतो. रुग्ण पाठीवर निजलेला असताना वायू वर चढतो आणि द्रव खाली राहतो, त्यामुळे घागरीतील पाण्यासारखी एक सपाट आडवी रेषा दिसते. घडी घातलेल्या कापडात अडकलेली हवा अशी वर चढू शकत नाही. तिचे बुडबुडे बारीक, दाटीवाटीने, पुष्कळदा रांगेत बसलेले आणि गोळ्याच्या मध्यभागी असतात. काही दिवसांनी पुन्हा स्कॅन घेतला, तरी ते जवळजवळ जागच्या जागी आढळतात. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन स्कॅन केला, तर गळूची भिंत उजळून निघते, कारण दाहामुळे तेथे रक्त वाढलेले असते. रक्तस्तंभकाच्या गोळ्याभोवती अशी ठळक कड सहसा नसते. ‘सहसा’ हा शब्द आम्ही हेतुपूर्वक वापरला आहे. काही दिवसांनी शरीर परक्या पदार्थाभोवती दाह निर्माण करते आणि तेव्हा पातळशी कड येथेही दिसू शकते. पू पाण्याहून दाट, पण गुठळीहून सामान्यतः पातळ. म्हणून अंकही थोडी मदत करतात. मात्र रक्त, पट्टी आणि हवा यांचे मिश्रण झाल्यावर अंकांवर फार भरवसा ठेवता येत नाही.

एमआरआयचे तत्त्व निराळे. तेथे क्ष-किरण नसतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी दिलेल्या संकेतांवरून चित्र तयार होते. त्यातील टी-टू नावाच्या प्रकारात पाणी आणि पू शुभ्र दिसतात. ऑक्सिडीकृत सेल्युलोज मात्र काळसर दिसते. गोळ्याचा गाभा काळसर आहे की शुभ्र, एवढ्यावर संशय बराच कमी होऊ शकतो. सोनोग्राफीत हाच गोळा चकाकणारा, मागे धूसर पट्टे सोडणारा असा दिसतो, कारण अडकलेली हवा ध्वनिलहरी परतवून लावते. परंतु आतड्यातील वायूही असाच दिसत असल्याने एकट्या सोनोग्राफीवर निर्णय देणे धाडसाचे ठरते.

एवढे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, शस्त्रक्रियेनंतर दिसलेला बुडबुड्यांचा गोळा म्हणजे निरुपद्रवी पट्टीच. या दुसऱ्या चुकीची किंमत पहिलीपेक्षा अधिक आहे. ठेवलेल्या पट्टीतही जंतुसंसर्ग होऊ शकतो. पट्टी आहे हे ठाऊक असूनही, रुग्णाचा ताप चढत असेल, पांढऱ्या पेशी वाढत असतील, पोटातील वेदना वाढत असतील, तर डॉक्टर सुई घालून द्रव काढतात आणि तपासतात. ते योग्यच आहे. मणक्यांच्या परिसरात तर धोका वेगळाच. सेल्युलोजची पट्टी काय, जिलेटिनचा स्पंज काय, ओला झाला की फुगतो. छातीच्या वा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर असा फुगलेला तुकडा हाडांच्या अरुंद पोकळीत शिरून मज्जारज्जूवर दाब आल्याची आणि रुग्णाचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. म्हणूनच अशा जागी रक्त थांबल्यावर पट्टी काढून घ्यावी, आणि कोठेही असली तरी लागेल तेवढीच वापरावी, अशी सूचना उत्पादक स्वतःच देतात. शस्त्रक्रियेनंतर पायांतील शक्ती वा संवेदना नव्याने कमी झाली, तर ती अशक्तपणावर ढकलू नये. तेथे एमआरआय तातडीने लागतो आणि दाब वेळीच दूर झाला तर पाय वाचू शकतात. तेथे तासांचा हिशेब असतो.

तिसरा प्रसंग मनाला सर्वाधिक चटका लावणारा. स्तनाचा, मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा कर्करोग काढून टाकल्यावर रुग्ण दर काही महिन्यांनी तपासणीस जातो. प्रत्येक तपासणीच्या आधीच्या रात्री त्या घरात कोणालाही झोप लागत नाही, हे आमच्या अनेक वाचकांनी अनुभवले असेल. अशा वेळी जुन्या जागी गाठ दिसली, म्हणजे पायाखालची जमीनच सरकते. विरघळता विरघळता राहिलेल्या तंतूंभोवती शरीराच्या संरक्षक पेशी गोळा होऊन घट्ट गाठ बनवितात. बायोप्सीत त्या गाठीत मोठाल्या बहुकेंद्रकी पेशी आणि त्यांनी वेढलेले परके तंतू दिसतात, कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. पेट स्कॅनने हा संशय फिटेल असे वाटते, पण तेथेही फसगत होऊ शकते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि ती कोठे अधिक खर्च होते ते पाहतात. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक खातात हे खरे. पण दाहाच्या पेशीही खातात. म्हणून दोन्ही ठिकाणे पडद्यावर उजळतात. आधीच्या चित्रांशी तुलना, गाठ वाढते आहे की आटते आहे याची काही काळ पाहणी, आणि गरजेनुसार बायोप्सी, हाच मार्ग उरतो. वाट पाहावी की बायोप्सी करावी, याचा निर्णय रोगाच्या जातीवर अवलंबून असतो आणि तो कर्करोगतज्ज्ञानेच घ्यावयाचा असतो. मात्र त्या निर्णयासाठी त्याला पहिल्या शस्त्रक्रियेत काय ठेवले होते हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

येथे आम्ही आमच्या विषयाकडे वळतो. एखादे नाणे नांगराच्या फाळाला लागून वर आले आणि कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी ते सापडले याची नोंद कोणी केली नाही, तर त्या नाण्याचे अर्धे मोल गेले असे आम्ही वर्गात शिकवितो. स्कॅनमधील गोळ्याचेही तसेच. तो कोणत्या शस्त्रक्रियेच्या, कितव्या दिवशी, कोणत्या जागी आढळला, आणि त्या जागी काय ठेवले होते, या चार गोष्टी कळल्या तर बहुतेक गोळ्यांचा उलगडा होतो. पहिल्या तीन गोष्टी निदान तारखांवरून काढता येतात. चौथी केवळ एका कागदावर असते, आणि तो कागद म्हणजे शल्यचिकित्सकाचे शस्त्रक्रिया-टिपण, ज्याला रुग्णालयात ऑपरेशन नोट म्हणतात. ‘रक्तस्राव थांबविला’ एवढेच त्यात लिहिले असेल, तर ते लिहून न लिहिल्यासारखेच. कोणता पदार्थ, किती तुकडे, कोणत्या बाजूस, काढला की ठेवला, हे एका ओळीत लिहिता येते. ती ओळ लिहावयास अर्धे मिनिटही लागत नाही. आपले जे माजी विद्यार्थी शस्त्रक्रियागृहांत काम करतात, त्यांनी मॉपच्या मोजदादीइतकेच या ओळीलाही महत्त्व द्यावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहता अडचण आणखी वेगळी आहे. वसतिगृहात प्रवेश देताना विद्यार्थ्यांच्या आरोग्याची माहिती आम्ही पालकांकडून घेतो. मुलाची एखादी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पालक मोठ्या काळजीने प्लास्टिकची पिशवी उघडतात. पिशवीतून एक्स-रेची मोठी फिल्म निघते, स्कॅनची चकती निघते, औषध-दुकानाच्या पावत्या निघतात. डिस्चार्ज कार्डही बहुधा असते, आणि त्यावर शस्त्रक्रियेचे नाव व तारीख असते. शस्त्रक्रिया-टिपणाची प्रत मात्र क्वचितच निघते. ती मागता येते हेच मुळी पालकांना सांगितलेले नसते. आणि मोठ्या डॉक्टरांकडे कागद मागणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे, असा एक संकोच आपल्या लोकांच्या मनात अजूनही घर करून आहे. फिल्म दिसते म्हणून जपली जाते. इंग्रजीत खरडलेला कागद कळत नाही म्हणून हरवतो. वस्तुतः पुढच्या डॉक्टरला त्या फिल्मचा अर्थ लावावयास तो कागदच हवा असतो.

तो मागणे हा उपकार मागणे नव्हे. रुग्णालयाने केसपेपरच्या प्रती रुग्णास वा त्याच्या नातेवाइकांस दिल्या पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे दिली गेली पाहिजेत. मागणी लेखी करावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. अर्जात ‘शस्त्रक्रिया-टिपणासह सर्व कागद’ असे स्पष्ट लिहावे, अन्यथा डिस्चार्ज कार्डाची आणखी एक प्रत हाती पडते. पुढे कधीही स्कॅनसाठी गेल्यास ही प्रत तंत्रज्ञाजवळ आधीच द्यावी आणि शस्त्रक्रियेची तारीख तोंडीही सांगावी. अहवाल लिहिणारे तज्ज्ञ पुष्कळदा रुग्णाला भेटत नाहीत, त्यांच्यासमोर येते ते केवळ चित्र आणि चित्रासोबत पाठविलेली चिठ्ठी. आधीच्या स्कॅनची चकतीही सोबत न्यावी, कारण बुडबुडे जागचे हलले की नाही, हे जुन्या चित्राशेजारी नवे चित्र ठेवल्याखेरीज कळत नाही.

याच आचारसंहितेतील आणखी एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे जपून ठेवावेत, असे ती सांगते. त्यानंतर ते जपण्याचे बंधन या तरतुदीने उरत नाही. कर्करोगाची तपासणी मात्र पाच-दहा वर्षे चालते, आणि पोटातील जुन्या गाठीचा शोध तर कधी त्याहूनही उशिरा लागतो. त्या वेळी रुग्णालयाच्या दप्तरात काही शिल्लक असेलच असे नाही. घरच्या पेटीत, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याशेजारी ठेवलेली प्रत तेवढी असेल.